लेबलवरचं माझं अक्षर

खांदा कॉलनीतल्या ज्या हॉस्पिटलात मी एकोणीस वर्षं नोकरी केली, तिथली ही गोष्ट. दिवाळी होऊन आठवडा झाला होता. शुक्रवारी बाराच्या सुमारास रिसेप्शनवरच्या मुलीने मला वर वॉर्डात फोन केला आणि दबक्या आवाजात सांगितलं, की खाली एक बाई आली आहे, पेशंट नाही म्हणते, केसपेपर काढत नाही, पण जातही नाही. मी सिस्टर इनचार्ज होते. अशी माणसं माझ्याकडेच पाठवायची पद्धत होती.

ती दाराच्या आत, भिंतीला पाठ लावून उभी होती. खुर्च्या रिकाम्या होत्या तरी बसली नव्हती. वय तीस असेल, पंचवीसही असेल. दिवसभर उन्हात राबणाऱ्या बायकांचं वय मला कधी नीट ओळखता आलेलं नाही. साडी गुडघ्यापर्यंत खोचलेली, उजव्या हाताच्या पहिल्या बोटाला चिंधी बांधलेली, काखेत खताच्या गोणीचा एक तुकडा गुंडाळून धरलेला. कोन गावाच्या बाजूला कातकऱ्यांची एक वाडी आहे, तिथून चालत आली होती.

मी काय हवंय विचारलं. तिने गोणीचा तुकडा उलगडला. आत सलाईनची रिकामी, चेपलेली बाटली होती.

"ही तुमची हाय का?"

बाटलीवर आमच्या हॉस्पिटलचं लेबल होतं. त्यावर पेशंटचं नाव, बेड नंबर आणि सलाईन लावल्याची वेळ लिहिलेली. अक्षर माझं होतं. माझा पाचचा आकडा मी घाईत असले की अर्धाच वळतो, तसा तो अर्धा वळलेला होता.

हो म्हणायच्या आधी मी तिच्या बोटाकडे पाहिलं.

तिला बाजूच्या ड्रेसिंग रूममध्ये नेलं आणि दार लावून घेतलं. तिने सांगितलं ते असं: ती भंगार वेचते. कोनच्या पुढे एक नाला आहे, तिथे बांधकामाचा राडारोडा टाकतात, त्यात लोखंड, प्लॅस्टिक मिळतं. मंगळवारी दिवस कलताना तिला तिथे लाल पिशव्या दिसल्या. बाटल्या आणि नळ्या असलं प्लॅस्टिक जड असतं, म्हणून तिने एक पिशवी फोडली आणि हात घातला. सुटी सुई होती. बोटात आरपार नाही, पण खोल गेली. रक्त आलं. तिने बोट चोखलं, थुंकली आणि काम पुढे चालू ठेवलं. गुरुवारी भंगारवाल्याने माल बघितला, बोट बघितलं आणि लेबल वाचून दाखवलं. त्यानेच तिला सांगितलं, की दवाखान्याची सुई वाईट असते, जा आणि कुणाची होती ते विचार.

"म्हनून आले," ती म्हणाली. "ज्याची सुई, त्याला काय झालं व्हतं?"

मी बोटाची चिंधी सोडली, बोट साबणाने धुतलं. माझे हात सवयीने चालत होते आणि डोकं तास मोजत होतं. मंगळवार संध्याकाळचे साधारण सहा. एचआयव्ही लागू नये म्हणून ज्या गोळ्या देतात, त्यांची पहिली गोळी बहात्तर तासांच्या आत पोटात जावी लागते. म्हणजे आज सहाच्या आत. त्या गोळ्या आमच्याकडे नव्हत्या. सरकारी रुग्णालयात मिळत, आणि तिथली त्या विभागाची खिडकी चारला बंद व्हायची.

त्या पिशव्या नाल्यावर कशा गेल्या हे मला तिच्यापेक्षा चांगलं माहीत होतं.

दवाखान्याचा कचरा घरच्या कचऱ्यासारखा घंटागाडीत टाकता येत नाही. रक्त लागलेला कापूस, बँडेज पिवळ्या पिशवीत, नळ्या-बाटल्या लाल पिशवीत, सुया पांढऱ्या जाड डब्यात. ते न्यायला वेगळी गाडी येते. दिवाळीच्या सुट्टीत ती गाडी चार दिवस आली नव्हती. जिन्याखालची कचऱ्याची खोली भरली, पिशव्या बाहेर पॅसेजमध्ये आल्या, वास सुटला. सुयांचा पांढरा डबा गळ्यापर्यंत भरला होता आणि नवा डबा मागवायचा राहून गेला होता. त्या चार दिवसांत आमच्यापैकी कुणीतरी सुई लाल पिशवीत टाकली. ते कुणी केलं हे मी शेवटपर्यंत शोधलं नाही, कारण ते मी स्वतः केलेलं असण्याचीही शक्यता होती.

आणि मंगळवारी अकरा वाजता आमच्याकडे तपासणीला माणसं येणार होती. विमा कंपन्यांच्या यादीत हॉस्पिटलचं नाव लागायचं होतं, त्यासाठी. सकाळी नऊला मी पॅसेजमध्ये उभी राहून सफाईच्या मामांना म्हणाले, "मामा, अकराच्या आत हे इथे दिसता कामा नये. कुठे न्यायचं ते तुम्ही बघा." मामांनी पिशव्या मोजल्या. मग म्हणाले, बघतो. ते कोनच्या पलीकडच्या गावातून स्कूटरवर यायचे. दहा वाजता पॅसेज रिकामा होता, फिनाईलने पुसलेला होता. मी काही विचारलं नाही. तपासणी छान झाली. दुसऱ्या दिवशी गाडी आली तेव्हा रजिस्टरमध्ये मी मागच्या दिवसांच्या पिशव्याही गाडीतच गेल्या असं लिहून सही केली.

ड्रेसिंग रूममध्ये हे सगळं माझ्या डोळ्यांपुढून गेलं. मी तिला म्हणाले, बस, आलेच.

डॉक्टरसर त्यांच्या केबिनमध्ये जेवायला बसत होते. दोन खोल्यांच्या दवाखान्यापासून तीस खाटांपर्यंत त्यांनी हे हॉस्पिटल वाढवलं होतं. माणूस वाईट नव्हता, पण ज्याने स्वतः उभं केलेलं असतं त्याला ते जाण्याची भीती इतरांपेक्षा जास्त असते. मी त्यांना बाई, सुई, नाला सगळं सांगितलं. माझा भाग तेवढा सोडून.

"बाटली आपलीच कशावरून?"

"लेबल माझ्या हातचं आहे, सर."

त्यांनी डबा मिटला. म्हणाले, तिला उद्या बोलवा, मी वकिलांशी बोलून घेतो. मी म्हणाले, उद्या उपयोग नाही, संध्याकाळी बहात्तर तास संपतात. हे त्यांना माझ्यापेक्षा जास्त कळत होतं. ते खिडकीबाहेर बघत म्हणाले, "न्या तिला. पण ती बाटली इथे ठेवून घ्या."

मी खाली आले आणि, आज सांगायला लाज वाटते, पण खरोखरच तिच्याकडे बाटली मागितली. बाटली देऊन टाक, आपण औषधाला जाऊ, असं अगदी गोड आवाजात म्हणाले. तिने ती परत गोणीत गुंडाळली आणि काखेत घट्ट धरली.

"टाकली तवा तुमची व्हती. आता माझी हाय."

मी दुसऱ्यांदा मागितली नाही. पर्स घेतली, युनिफॉर्मवर ओढणी टाकली आणि तिला रिक्षात बसवलं.

पूल ओलांडून जुन्या पनवेलला जायला एरवी पंधरा मिनिटं लागतात. त्या दिवशी एसटी स्टँडच्या आधीच सगळं अडकलं होतं. घड्याळात पावणेदोन. ती माझ्या शेजारी अंग चोरून बसली होती आणि मध्येच म्हणाली, की रविवारी मुकादमाचा ट्रक येणार आहे, सगळं घर वीटभट्टीवर जाणार, पावसाळ्यापर्यंत तिथेच. म्हणजे गोळ्या आजच मिळायला हव्यात, आणि अठ्ठावीस दिवस ती भट्टीवर त्या घेणार का, हा प्रश्न पुढे होताच. मी रिक्षा सोडली आणि आम्ही चालत निघालो. ती माझ्या पुढे गेली. मला तिच्याबरोबर चालताना धाप लागत होती.

वाटेत फोन वाजला. सर होते. म्हणाले, मी तिथल्या डॉक्टरांशी बोललोय, तुम्ही पोचेपर्यंत खिडकी बंद करणार नाहीत. एवढंच बोलून त्यांनी फोन ठेवला.

सरकारी रुग्णालयात आधी केसपेपरची रांग, मग समुपदेशन करणाऱ्या ताईंची खोली. त्या शांतपणे फॉर्म भरत गेल्या. सुई कधी टोचली, किती खोल गेली. मग त्यांनी मला विचारलं, "सुई कुणाची, ते माहीत आहे?"

बाटलीवर नाव होतं ते टायफॉईडच्या पेशंटचं. पण पिशवी सगळ्या वॉर्डाची होती, आणि त्या आठवड्यात वॉर्डात कोण कोण होतं ते मला पाठ होतं. त्यातल्या एकाच्या फाईलवर काय लिहिलंय हे हॉस्पिटलात फक्त सरांना आणि मला माहीत होतं. घरी त्याने बायकोला आमच्यासमोर सांगितलं होतं, पण आईला नाही. तो माणूस पनवेलमध्येच राहत होता. त्याचं नाव सांगणं माझ्या हातात नव्हतं आणि गप्प राहणंही शक्य नव्हतं.

"सुई कुणाची ते माहीत नाही," मी म्हणाले. "पण त्या वॉर्डात एक पॉझिटिव्ह पेशंट होता."

हे मी ताईंकडे बघून, शक्य तितकं हळू बोलले होते. पण ती माझ्याकडेच बघत होती.

"म्हंजी हाय," ती म्हणाली.

"असेलच असं नाही. सुई त्याचीच असेल असंही नाही."

"त्याचं नाव काय?"

"ते मला सांगता येणार नाही."

मग तिने एकच विचारलं, धाकट्याला अजून अंगावर पाजते, पाजू का नको? तोवर तिला मूल असेल हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. मी बोट बघितलं होतं, तास मोजले होते. ताईंनी डॉक्टरांना विचारून नीट समजावलं, की मूल दीड वर्षाचं आहे, भाकरी खातं, तेव्हा आता अंगावरचं सोडवलेलं बरं. ती मान हलवत ऐकत होती. डोळे कोरडे होते, फक्त टाचेने फरशी घासत होती.

तिच्या रक्ताची तपासणी झाली. निकाल निगेटिव्ह आला, पण तो मंगळवारच्या आधीचं सांगणारा निकाल, सुईतून काही गेलं का ते इतक्यात दिसत नाही, हे मला माहीत होतं. सव्वातीन वाजता तिने पहिली गोळी खिडकीसमोरच पाण्याबरोबर घेतली.

जाताना ताईंनी मला सहज विचारलं, की पिशव्या उचलणाऱ्या तुमच्या कामगारांना कावीळ-बीची लस दिली असेलच ना. मी हो म्हणाले. बाहेर आल्यावर आठवलं, की मला दिली होती, सगळ्या सिस्टरांना दिली होती. मामांना कधीच दिली नव्हती. त्यांनी त्या पिशव्या स्कूटरवर पायांमध्ये धरून नेल्या असणार.

शनिवारी सकाळी सरांनी मला केबिनमध्ये बोलावलं. मामा आधीच तिथे उभे होते. टेबलावर टाईप केलेलं पत्र होतं, मामांनी परस्पर कचरा बाहेर टाकला म्हणून त्यांना कामावरून कमी करत असल्याचं. सर मला म्हणाले, साक्षीदार म्हणून सही करा. मामांनी माझं नाव घेतलं नव्हतं. ते माझ्याकडे बघतही नव्हते. टोपी हातात धरून तिची कड दुमडत होते. मी गप्प राहिले असते तर सगळं तिथेच मिटलं असतं. ही गोष्ट मी त्या क्षणी पूर्ण कळून-सवरून मनात घोळवली, हेही खरं आहे.

"सर, मंगळवारी मीच सांगितलं होतं पिशव्या हलवायला. आणि रजिस्टरमध्ये त्या गाडीने गेल्या असं मी लिहिलंय. ते खोटं आहे."

सरांनी चष्मा काढला. "हे काल का नाही बोललात?"

"भीती वाटली."

मग त्यांनी पत्र फाडलं नाही, खणात ठेवलं, आणि मामांना विचारलं, किती पिशव्या होत्या. मामा म्हणाले, सात. "मग आधी त्या सात उचलून आणायच्या," सर म्हणाले. "तुम्ही दोघं आणि मी."

जाड हातमोजे, गमबूट, लांब चिमटे, नवे पांढरे डबे असं सगळं घेऊन सरांच्या गाडीतून आम्ही तिघं नाल्यावर गेलो. दोन पिशव्या धड होत्या. बाकीच्या कुत्र्यांनी फोडल्या होत्या. गवतात नळ्या अडकल्या होत्या, सिरिंज मातीत अर्ध्या रुतल्या होत्या. नाल्याच्या पलीकडे वाडीतली माणसं जमली. पोरं अनवाणी होती. मी ओरडून त्यांना मागे व्हायला सांगितलं तर ती हसायला लागली. तेव्हा ती गर्दीतून पुढे आली आणि एका शब्दात तिने पोरांना घरी पिटाळलं. गोळीने रात्रभर उलट्या झाल्याचं तिच्या चेहऱ्यावर दिसत होतं. तरी ती अंतरावर उभी राहून हाताने दाखवत गेली, तिकडं अजून हाय, त्या दगडाच्या खाली हाय. ती दाखवायची आणि मामा चिमट्याने उचलायचे.

मग ती मामांकडे बघत मला म्हणाली, की मंगळवारी सकाळी स्कूटरवरून पिशव्या टाकताना तिने याच माणसाला पाहिलं होतं.

मामा वाकलेले तसेच थांबले. मी म्हणाले, "त्यांना मी सांगितलं होतं. चूक माझी आहे."

ती माझ्याकडे वळली. मला वाटलं ती शिव्या देईल. मी तयार होते.

"तुमी इचारलं नाय त्यास्नी, कुठं टाकनार म्हनून?"

"नाही."

"का?"

उत्तर होतं, पण ते त्या जागेवर उभं राहून तिला सांगण्यासारखं नव्हतं. मला माहीत करून घ्यायचं नव्हतं, म्हणून विचारलं नाही. ती परत दगडांकडे बोट दाखवू लागली. दुपारी तीनपर्यंत आम्ही तिथे होतो. मोजता येण्यासारख्या होत्या त्या सुया मोजल्या. सगळ्या मिळाल्या असं मी आजही छातीवर हात ठेवून सांगू शकत नाही.

सोमवारी सरांनी अपघाताचा फॉर्म स्वतः भरून प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे पाठवला. त्यात मंगळवारी काय झालं ते जसंच्या तसं लिहिलं, माझ्या खोट्या सहीसकट. मंडळाची नोटीस आली, खुलासे द्यावे लागले, विमा कंपन्यांची ती यादी वर्षभर लांबली. मला मेमो मिळाला आणि इनचार्जचं काम माझ्याकडून काढून घेतलं. मामा राहिले. त्यांना लशीचा पहिला डोस मीच दिला. दंड पुढे करून ते म्हणाले, "सिस्टर, मी तवाच सांगायला पायजे व्हतं, जागा नाय म्हनून." मी म्हणाले, मामा, हलू नका.

पंधरा दिवसांनी मी भट्टीवर गेले. रसायनीच्या पुढे नदीकाठाला ती भट्टी होती. तिच्या नवऱ्याचा फोन लागत नव्हता, म्हणून विचारत विचारत पोचले. झोपडीच्या आढ्याला गोळ्यांची डबी बांधलेली होती. मी ती काढून मोजली तर तीन गोळ्या जास्त निघाल्या. तीन दिवस तिने घेतल्या नव्हत्या. माझा आवाज चढला. ती विटांच्या साच्यात चिखल दाबत होती, हात न थांबवता म्हणाली, की गोळी घेतली की गरगरतं, आणि गरगरलं तर विटा कोण पाडणार. मी खाली बसले. रागावायचा हक्क आपल्याला नाही हे तिथे चिखलात बसल्यावर कळलं. मग आम्ही दोघींनी मिळून ठरवलं, की गोळी सकाळी नाही, रात्री भाकरी खाऊन घ्यायची आणि लगेच झोपायचं. तिच्या सासूला मी ते सांगितलं. सासूने मला शब्द दिला नाही, पण त्या दिवसापासून एकही गोळी चुकली नाही.

सहा आठवड्यांनी तपासणी, मग तीन महिन्यांनी, मग सहा. प्रत्येक वेळी मी ड्युटी बदलून घेऊन तिला घ्यायला जात होते. मुकादम कुरकुरायचा. निकाल येईपर्यंत आम्ही दोघी सरकारी रुग्णालयाच्या बाकावर बसायचो. पहिल्या वेळी बोललोच नाही. दुसऱ्या वेळी तिने विचारलं, तुम्हाला किती पोरं. शेवटची तपासणी मे महिन्यात होती. भट्टी बंद व्हायला आली होती, तिच्या हातांना विटांच्या मातीचा लालसर रंग चढला होता. ताईंनी आत बोलावलं, कागद पुढे ठेवला आणि सांगितलं, काही नाही, सगळं चांगलं आहे.

तिने कागद घेतला. वाचता येत नव्हतं, तरी वरपासून खालपर्यंत बघितला. मग माझ्यापुढे धरून म्हणाली, कुठं लिवलंय ते दाखवा. मी बोट ठेवलं. त्या शब्दावर तिने स्वतःचं बोट ठेवून बघितलं, घडी घातली आणि कमरेच्या पिशवीत टाकली.

बाहेर प्रचंड ऊन होतं. मी म्हणाले, काहीतरी खाऊ या. ती नको म्हणाली, अर्ध्या दिवसाचीच सुट्टी होती. स्टँडजवळ सहा आसनी रिक्षा भरत होती, तिच्यात ती चढली. रिक्षा निघायच्या आधी बाहेर डोकावून म्हणाली, पावसात आमी परत वाडीला येनार, नाल्यावर जानारच, दुसरं काय करनार. मी म्हणाले, लाल पिशवी दिसली तर हात लावू नकोस. ती म्हणाली, "तुमी टाकू नका."

रिक्षा गेली. मी हॉस्पिटलात परत गेले, दुपारची ड्युटी होती.